जुना माग आणि तुटणारा ताणा

प्रश्न : जुना लाकडी हातमाग उभा केला आहे. त्यावर लिननचा ताणा (उभे धागे) सारखा तुटतो. फणीही (ताण्याचे धागे ज्यातून जातात तो धातूच्या पट्ट्यांचा कंगवा) गंजली आहे. काय करावे?

उत्तर : आधी फणी. गंजलेली पट्टी धाग्याला करवतीसारखी कापते. पितळी ब्रशने कोरडीच घासा, यंत्राच्या तेलाचा हलका हात देऊन पूर्ण पुसा. मग पांढरा सुती धागा प्रत्येक घरातून (दोन पट्ट्यांमधल्या फटीतून) ओढा. तो काळवंडला किंवा त्याचे तंतू उसवले तर ते घर पुन्हा घासा. पाणी लावू नका.

मागाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे नसतील तर पाचरी सैल करून चौकट काटकोनात आणा, नाहीतर एका काठाचाच ताणा ताणला जाईल. लिनन जवळजवळ लवचीक नसते, सुतासारखे ते सांभाळून घेत नाही.

ताण्याला लावायची खळ अळशीचीच उत्तम : एक मोठा चमचा बी, दोन कप पाणी, मंद आचेवर 15 मिनिटे. गरम असतानाच गाळा, थंड झाल्यावर गाळणीतून उतरत नाही. ताण्याला ब्रशने पातळ लावा, वाळू द्या. बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) कांड्या मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. लिनन ओले असताना अधिक मजबूत असते.

लाकडाला जवसाचे (अळशीचे) तेल लावल्यास फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.