सिलिकॉन व्हॅली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या स्वभावात फरक काय? नोकरी व्हॅलीत असेल, तर राहावे कोठे?

राहण्याचे आधी सांगून टाकतो: माउंटन व्ह्यू किंवा सनीव्हेलला, कॅलट्रेनच्या स्थानकाजवळ राहावे. सॅन फ्रान्सिस्को हे बंदर आहे. १८४९ च्या सोन्याच्या लाटेत घरदार सोडून आलेल्यांनी ते वाढवले आणि १९६७ मध्ये हिप्पींनाही त्याने सामावून घेतले. व्हॅली मात्र मुळात शेतकऱ्यांची. सांता क्लाराचे हे खोरे दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्दाळूच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. सनीव्हेलमध्ये तशी एक बाग आजही मुद्दाम राखलेली आहे, आणि तिच्यापाशी उभे राहिले की मला रावेर-यावलच्या केळीबागा आठवत. दोन्हीकडच्या लोकांचे फारसे जमत नाही. २०१३ च्या अखेरीस व्हॅलीतल्या कंपन्यांच्या खासगी बसगाड्या शहराचे थांबे फुकट वापरतात म्हणून शहरवासीयांनी त्या रस्त्यात अडवल्या होत्या, आणि माझ्या मते त्यांचे काही चुकले नाही.

परंतु आपण स्वभाव विचारला आहे, म्हणून २०१४ मधली गोष्ट सांगतो. अकरा महिन्यांतच मी पहिली नोकरी सोडली. त्याआधी जळगावात एका ठिकाणी राजीनामा दिला होता, तेव्हा शेवटच्या महिन्याचा पगार अडकला होता आणि मालकाने रस्त्यात ओळख देणेही बंद केले होते. त्यामुळे या वेळी मी मान खाली घालूनच साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी मला एल कॅमिनो रस्त्यावरच्या डोशाच्या हॉटेलात नेले, डोशाचा कडक कोपरा मोडत नव्या कंपनीची चौकशी केली आणि म्हणाले, "तिकडे माझ्याजोगी जागा निघाली तर कळव." मला घास गिळवेना.

त्या रात्री अमळनेरला फोन केला. थोरल्या भावाची तिथे अडत आहे, आणि त्याच्याकडचा हमाल वीस वर्षांत बदललेला नाही. दादा एवढेच म्हणाला, "मीठ इसरी गया का रे?" मग नेहमीचा हुकमी एक्का काढला: वडील गेल्यावर १९६६ मध्ये अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट टाकून कंपनी सांभाळायला परत आले, आणि तू अमळनेर टाकून स्टॅनफर्डच्या दारात जाऊन बसलास.

आमच्या गावात या युक्तिवादापुढे कोणी बोलत नाही. पण प्रेमजी परतले ते घरच्या कंपनीत. आणि १९४५ मध्ये अमळनेरला सुरू झालेली ती कंपनी वनस्पती तुपालाच चिकटून राहिली असती, तर आज विप्रो हे नाव खानदेशाबाहेर किती जणांना ठाऊक असते? व्हॅलीचा जन्मच मुळी सोडून जाण्यातून झाला. १९५७ मध्ये विल्यम शॉकली या शास्त्रज्ञाच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही कंपनी काढली. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये तीही सोडून इंटेल उभी केली. त्या आठांना 'गद्दार' हे नाव पडले ते पडलेच, पण पालो अल्टोत फेअरचाइल्डच्या जुन्या इमारतीपाशी आज राज्याचा स्मारकफलक आहे. शिवाय नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असा करार कॅलिफोर्नियात १८७२ च्या कायद्यापासून सहसा टिकत नाही. आपल्याकडे माळरानावर आयटी पार्कची फीत कापणाऱ्यांनी आधी सोडून जाणाऱ्याला हसून निरोप देऊन पाहावा.

आपले वय विशीतले असेल आणि एकटे असाल, तर शहरातच राहा. वर दिलेला सल्ला संसारी माणसाचा आहे. जुलैतही स्वेटर लागेल. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: एच-वन-बी या परदेशी नोकरदारांच्या व्हिसावर असणाऱ्याला हे स्वातंत्र्य अर्धेच मिळते. नव्या कंपनीने अर्ज केल्याखेरीज तिथे रुजू होता येत नाही, आणि नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. दादाला ही साठ दिवसांची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.