दात्याचे नाव कळले, पण भेटीचा हक्क आहे का?

आपला जन्म वीर्यदानातून झाला, डीएनए चाचणीत जुळलेल्या एका दूरच्या नातेवाइकामुळे दात्याचे नाव कळले आणि आता त्यांना भेटण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे का, असा आपला प्रश्न आहे. ओळख जाणून घेण्याचा हक्क आणि संपर्काचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा पहिला देतो तेव्हाही दुसरा सहसा देत नाही.

स्वीडनने 1985 मध्ये दात्याची गुप्तता संपवली. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 नंतर नोंदलेल्या दात्याचे नाव आणि शेवटचा ज्ञात पत्ता अपत्याला अठराव्या वर्षी मागता येतो, मात्र उत्तर देण्याचे बंधन दात्यावर नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तर 2017 पासून, गुप्ततेचे वचन मिळालेल्या जुन्या दात्यांचीही ओळख खुली केली. त्याच वेळी संपर्क नको असल्यास तसे नोंदवण्याची सोय त्यांना दिली. मला हा तोल न्याय्य वाटतो, कारण आपले मूळ जाणण्याची ओढ खरी आहे आणि दार बंद ठेवण्याची मुभाही खरी आहे.

अशा देशांत दात्यांची माहिती अधिकृत नोंदवहीत ठेवली जाते. चाचणीतून मिळालेले नाव या नोंदवहीच्या बाहेरून आलेले असते, त्यामुळे दात्याला आधी कळवणारे किंवा आपल्याला समुपदेशन देणारे मध्ये कोणी नसते. म्हणून ज्या देशात उपचार झाले तिथे नोंदवही असेल, तर आधी तिच्यामार्फतच जा. नसेल, तर त्यांच्या एकट्याच्या नावे एकच पत्र पाठवा. त्यांच्या पत्नीला, मुलांना किंवा समाजमाध्यमांवर काही लिहू नका. वारसा किंवा पोटगी मागायची नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा, कारण अनेक दात्यांना पहिली भीती तीच असते. परवानाधारक केंद्रातून दान केलेला दाता ब्रिटनमध्ये कायदेशीर पिता ठरत नाही. जर्मनीतही 2018 च्या कायद्याने अधिकृत वीर्यपेढीच्या दात्याला न्यायालयात पिता ठरवून घेण्याची वाट बंद केली. खासगी, घरगुती व्यवस्थेत मात्र चित्र पालटू शकते: मुलीच्या आयुष्यात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या अशा दात्याला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पालक मानले. आपल्या जन्माची व्यवस्था कोणती होती, हे पत्रापूर्वी आईकडून किंवा कागदपत्रांवरून नक्की करा.

उत्तर नकाराचे आले, तर तिथेच थांबा, कारण त्यानंतरची पत्रे अनेक ठिकाणी छळ ठरू शकतात. नोंदवहीत आपला पत्ता मात्र ठेवा. त्याच दात्याची इतर अपत्ये आपल्याला शोधत असू शकतात.