ट्रकच्या डिझेल पाइपला भेगा पडल्यात, गळतो तेवढाच तुकडा बदलला तर चालेल का?

चालेल, पण टिकणार नाही. एक रबरी पाइप तडकला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही मागोमाग जाणार. सगळेच बदला. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) हा भाग आधी बघा: तिथे ओढ असते, त्यामुळे डिझेल न गळताही हवा आत शिरते आणि सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो. पाइप डिझेलचाच घ्या, आतला व्यास जुन्याइतकाच. पाण्याचा पाइप फुगून मऊ पडतो. क्लिपा स्टेनलेसच्या, साध्या गंजतात. मग फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करून हातपंप मारा, बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं की आवळा. इंजेक्टरच्या लोखंडी पाइपांना मात्र चालू इंजिनात हात नको, तिथून जोरात उडणारी डिझेलची धार कातडीत घुसते.