एआयने प्रायोगिक फिल्मचा लूक आणायचा तर रोलवर काय घडलं ते लिहा

तुम्ही विचारलंय, की प्रॉम्प्टमध्ये ‘फिल्म लूक’ लिहिलं की एआय नुसता पिवळट रंग आणि वर फिल्मसारखे दाणे (ग्रेन) देतो. मग डबल एक्स्पोजर (एकाच फ्रेमवर दोन फोटो) वगैरे प्रयोग नीट कसे जमवायचे?

नुसतं फिल्म रोलचं नाव लिहून थांबू नका. प्रकाशाने त्या रोलवर काय केलं, ते सांगा.

मी कोल्हापुरात राहते, म्हणून उदाहरणं इथली. त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाट पणत्यांनी उजळतो. सिनेस्टिल ८००टी रोलवर अशा ज्योतींभोवती तांबडं वलय उमटतं. सिनेमाच्या पारंपरिक निगेटिव्हला पाठीमागे काळा थर असतो, तो या रोलवर नसतो. त्यामुळे प्रखर उजेड आरपार जाऊन मागून परततो आणि सर्वांत खालच्या, लाल रंग टिपणाऱ्या थराला पुन्हा लागतो. म्हणून प्रॉम्प्टमध्ये लिहा: ‘तांबडं वलय फक्त ज्योतींभोवती, घाट गडद, आकाश निळसर’. हे नाही सांगितलं तर तांबडेपणा सगळ्या चित्रावर पसरतो.

डबल एक्स्पोजरला एआय बहुतेकदा कात्रणं चिकटवल्यासारखं करतो. खऱ्या रोलवर दोन वेळचा प्रकाश एकमेकांत मिसळतो. पहिल्या फोटोत जे काळं राहिलं तिथेच दुसरा स्पष्ट उमटतो; आकाश आधीच पांढरं असेल तर तिथे काहीच दिसत नाही. म्हणजे उजळ आकाशासमोर माणसाची काळी आकृती आणि तिच्या आत उसाची पाती, असं मांडा. माझं स्पष्ट मत विचाराल तर इथे एआयवर विसंबूच नका. स्वतःचे दोन फोटो घ्या, गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या लेयरला ‘स्क्रीन’ मोड द्या. हिशोब जवळजवळ तोच होतो, आणि फोटो तुमचे राहतात. दाणे, कडेची प्रकाशगळती एवढंच एआयकडून करून घ्या.

रेडस्केल सोपं: रोल उलटा भरलेला, उजेड आधी लाल टिपणाऱ्या थरातून जातो, सगळं तांबूस-केशरी.

कोडॅक एरोक्रोम हा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड) किरण टिपणारा रोल मात्र आता बनत नाही, त्यामुळे तिथे एआयचा खरा उपयोग आहे. हिरवी पानं अवरक्त किरण जोरात परतवतात आणि त्या रोलवर लाल-गुलाबी दिसतात. पाणी ते शोषून काळपट होतं. रंकाळा तलावाचं चित्र करताना एआय झाडं गुलाबी करेल, पण पाण्यावरची जलपर्णी हिरवीच ठेवू शकेल. तीही जिवंत पानंच, तीही गुलाबी हवी, हे वेगळं लिहा.