हेल्दी खायला लागल्यापासून थकवा येतोय, डोकं जड वाटतंय, हे डिटॉक्स आहे का?

नाही. डिटॉक्स वगैरे काही नाही, तुमचं खाणं कमी पडतंय.

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे झाले, भात, पोळी, साखर, दूध, चहा सगळं बंद करून सकाळी फळं, दुपारी सॅलड आणि रात्री सूप असं चाललंय, आणि दुपारनंतर डोकं चालत नाही, जिना चढला की पाय भरून येतात, आणि तुमच्या ग्रुपमधले म्हणतात की शरीरातली घाण बाहेर पडतीय, थोडी कळ काढा. हे "कळ काढा" वाचलं आणि माझं डोकंच फिरलं, कारण आमच्या घरात हेच ऐकवलं गेलंय.

माझा थोरला भाऊ सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीच्या सीझनमध्ये शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, करताना पोती, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं तोंडी करतो, कॅल्क्युलेटर फक्त ताळा करायला. त्याचं पोट सुटलं होतं, बीपीची गोळी चालू होती, म्हणून आमच्या मामेभावाने त्याला एका वेलनेस ग्रुपमध्ये घातलं. भाकरी बंद, भात बंद, मीठ जवळपास बंद, सकाळी दुधीचा रस आणि पाण्यात कालवून कसलीतरी पावडर. पहिल्याच आठवड्यात काटा भराभर खाली आला आणि सगळे खूश. पण ते बरंचसं पाणी असतं हो! शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण 3 ग्रॅम पाणी धरून असतं, भात-भाकरी तोडली की साठा जातो आणि ते पाणीही जातं.

मग दादाच्या पट्ट्या चुकायला लागल्या. एकाच्या पोत्यांचं वजन दुसऱ्याच्या नावावर, आणि शेतकरी तर समोर उभा. इतक्या वर्षांत त्या माणसाला असं कुणी बघितलं नव्हतं. वहिनी म्हणाली, घरी आले की बोलत नाहीत, बसल्या जागी डोळे मिटतात. मामेभावाला फोन केला तर म्हणे टॉक्सिन बाहेर पडतायत, आता सोडलं तर सगळं वाया.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज लोकांचं रक्त तपासते. मी त्याला विचारलं, कुठलं टॉक्सिन, नाव सांग, उद्या सॅम्पल घेऊन मशीनवर लावते. युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन ही नावं असलेली घाण आहे, आणि ती लिव्हर-किडनी रोज काढत असतात, त्यासाठी माणसाला उपाशी ठेवावं लागत नाही. नाव काही आलं नाही. मी निगेटिव्ह आहे असं मात्र सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं.

रविवारी बीपीचं मशीन घेऊन दादाकडे गेले. बसून ठीक होतं, उभं राहिल्यावर वरचा आकडा नव्वदीत. भात-भाकरी एकदम तोडली की इन्सुलिन उतरतं आणि किडनी जास्त मीठ बाहेर टाकते, त्यात याचं खाण्यातलं मीठ बंद आणि गोळी जुन्याच डोसची. डोक्याला रक्त कमी पडणार नाहीतर काय होणार? डॉक्टरांनी गोळी कमी केली, जेवण नीट करायला सांगितलं, आणि दादा ताळ्यावर आला.

आता तुमचं. चहा सोडल्याची डोकेदुखी-सुस्ती दुसऱ्या दिवशी जोरात असते आणि फार तर आठ-नऊ दिवसांत जाते, म्हणजे तीन आठवड्यांनी चहाला दोष देऊ नका. मिठाचं वर सांगितलंच. राहिलं खाणं. काकडी-टोमॅटोची मोठी वाटी खाल्ली तरी 50 कॅलरी होत नाहीत, एक मध्यम ज्वारीची भाकरी 200 च्या आसपास देते आणि वर थोडं प्रोटीनही. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण आराम करतानाही 20 टक्के ऊर्जा तोच खातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली, त्यात दिवसभराच्या 2000 कॅलरीच्या ताटात 250 ग्रॅम धान्य आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. तुमच्या ताटात यातलं मला काहीच दिसत नाही. दुपारी भाकरी, उसळ किंवा घट्ट वरण आणि ताक घ्या, सॅलड त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि थायरॉईड एकदा करून घ्या. बी12 तीन आठवड्यांत संपत नाही, लिव्हरमध्ये काही वर्षांचा साठा असतो, पण शाकाहारी घरातल्या लोकांचं ते आधीच तळाला गेलेलं मी रोज बघते, आणि तुम्ही तर दूधही बंद केलंय. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं अजून उतरतं.

मामेभाऊ अजून म्हणतो दादाने प्रोसेस अर्धवट सोडली, त्याच्यात शिस्त नाही. दादा आज दीड भाकरी खातो, संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतो, वजन सावकाश उतरतंय आणि पट्ट्या बरोबर आहेत. ज्याच्या पगारावर घर चालतं त्याचं डोकं बंद पाडायचं आणि वर त्यालाच बेशिस्त म्हणायचं, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. तुमचा ग्रुपही पावडर विकत असेल तर आधी तो सोडा.

मी डॉक्टर नाही हेही सांगते. मैदा-साखर कमी केलीत ते चांगलंच केलंत, ते परत सुरू करू नका. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर माझं वाचून मीठ वाढवू नका. बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर खाणं बदलल्याचं डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, आणि गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. चक्कर येऊन पडायला होत असेल, धाप लागत असेल, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आजच जा. आणि हो, दुधीचा रस घेत असाल आणि तो कडू लागला तर तिथेच ओतून टाका, कडू दुधीने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलीत.