पायमोजे गोल विणण्यासाठी कोणत्या सुया घ्याव्यात?

आपल्याला दोन सुयांवर मफलर आणि स्वेटर विणण्याचा सराव आहे, गोल विणकाम मात्र कधी केलेले नाही, आणि आता पायमोजे विणायचे आहेत. त्यासाठी दोन्ही बाजूंना टोके असलेल्या सुट्या सुया घ्याव्यात की केबलची गोल सुई (लवचिक केबलने जोडलेली दोन टोके), त्या किती जाडीच्या असाव्यात, धातूच्या की बांबूच्या, आणि घरात सापडलेला '१२' असा आकडा कोरलेला चार ॲल्युमिनियमच्या सुयांचा जुना संच चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर देते. पहिल्या जोडासाठी २.५ मिमी जाडीच्या, १५ सेंमी लांबीच्या, लाकडी किंवा बांबूच्या पाच सुट्या सुयांचा संच घ्यावा. मात्र यातला २.५ हा आकडा माझ्या हाताचा आहे, आपल्या हाताचा तोच असेल असे नाही. सुयांचा प्रकार नंतर बदलता येतो, पण जाडी चुकली तर मोजा उसवण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून जाडीपासूनच सुरुवात करते.

पायमोज्यांसाठी मिळणारी बारीक लोकर साधारणपणे १०० ग्रॅममध्ये ४०० ते ४२० मीटर भरते आणि तिच्यात बहुधा तीन भाग लोकर व एक भाग नायलॉन असते. तिच्या वेष्टनावर २.५ ते ३ मिमीची सुई आणि १० सेंमीत सुमारे ३० टाके असे लिहिलेले आढळते. स्वेटर विणणाऱ्या माणसाला ते योग्य वाटते, पण पायमोज्यासाठी मी विण त्याहून घट्ट ठेवते, कारण मोजा बुटाच्या आत दिवसभर घासला जातो आणि सैल विणीतले टाके एकमेकांवर सरकून टाचेखाली लवकर विरतात. १० सेंमीत ३२ टाके बसले की मी समाधानी असते.

हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेबच मांडते. पंजाचा घेर २२ सेंमी असेल, तर मोजा त्याहून साधारण दहा टक्क्यांनी लहान, म्हणजे २० सेंमीचा असावा लागतो; तरच तो थोडा ताणला जाऊन पायाला बिलगतो. ६४ टाके घातले आणि १० सेंमीत ३२ बसले, तर घेर बरोबर २० सेंमी येतो. तेच ६४ टाके जाड सुईवर १० सेंमीत २८ बसले, तर घेर जवळजवळ २३ सेंमी होतो, म्हणजे पायापेक्षाही मोठा, आणि तो मोजा चालताना बुटात गोळा होतो. १० सेंमीमागे अवघ्या चार टाक्यांचा फरक आहे, आणि तो सुईच्या पाव-अर्ध्या मिलिमीटरने सहज पडतो.

यासाठी आधी टाके मोजण्यापुरता छोटा तुकडा, म्हणजे नमुना, विणावा हे आपल्याला ठाऊक असेलच, पण तो दोन सुयांवर सपाट विणू नये. सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट जाते, आणि पुष्कळांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा किंचित सैल पडतात. गोल विणताना प्रत्येक फेरी सुलटच असल्यामुळे तोच हात वेगळे माप देतो. मी स्वतः निराळा नमुना विणतच नाही. टाके घालून वरची बॉर्डर पूर्ण करते, पुढे पाच सेंमी साधे विणते, मोजते, पायात चढवून पाहते आणि पटले नाही तर तेवढेच उसवून सुया बदलते. टाचेवरून मोजा ओढताना वरची कड करकचून लागत असेल, तर त्यात सुयांचा दोष नसतो. सुरुवातीचे टाके एका नंबरने जाड सुईवर घालावेत आणि पहिल्या फेरीपासून बारीक सुयांवर यावे.

जाडी नेहमी मिलिमीटरमध्येच मागावी. नंबरांच्या दोन पद्धती एकमेकींच्या उलट चालतात, हे मला पहिला संच घेताना माहीत नव्हते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढेल तशी सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, १२ म्हणजे २.७५, १४ म्हणजे २. अमेरिकन पद्धतीत आकड्याबरोबर जाडीही वाढते: ० म्हणजे २ मिमी, १ म्हणजे २.२५, २ म्हणजे २.७५. मोजा विणण्याच्या एखाद्या अमेरिकन कृतीतली '१ नंबर' सुई ब्रिटिश आकडा समजून घेतली, तर हातात साडेसात मिमीची काठी येईल.

आता सुट्या सुयांविषयी. त्या चारांच्या किंवा पाचांच्या संचात येतात. चारांत टाके तीन सुयांवर राहतात आणि चौथीने विणायचे, पाचांत टाके चार सुयांवर राहतात आणि पाचवीने विणायचे. पायमोज्यासाठी मी पाचांच्याच संचाचा आग्रह धरते. तीन सुयांचा त्रिकोण होतो आणि त्याचे कोन अरुंद असतात, त्यामुळे एका सुईवरून दुसरीवर जाताना मधला धागा ताणला जातो आणि तिथे वरपासून खालपर्यंत शिडीसारखी फट दिसू लागते. चार सुयांच्या चौकोनात कोन मोकळे असल्यामुळे हा ताण कमी पडतो.

तरीही फट पडलीच, तर नवी सुई सुरू करताना दुसरा टाका विणून झाल्यावर धागा ओढून घट्ट करावा. सगळे पहिलाच टाका जोरात आवळतात, पण तो मागच्या सुईच्या आधाराने पुन्हा सैल होतो. दुसरा टाका ओढला की पहिलाही जागच्या जागी बसतो. तसेच सुईचा पहिला टाका उलट असला, तर धागा पुढे आणावा लागून फट अधिक उघडते, म्हणून दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर असेल, तर प्रत्येक सुई सुलट टाक्याने सुरू होईल अशी वाटणी करावी. ६४ टाक्यांचे चार सुयांवर सोळा-सोळा असे भाग केले की हे आपोआप जमते. तीन सुयांवर मात्र २०, २४ आणि २० असे वाटावे लागतात.

पाचव्या सुईचा खरा उपयोग टाचेपाशी कळतो. टाचेची पट्टी निम्म्या म्हणजे ३२ टाक्यांवर मागे-पुढे सपाट विणली जाते आणि उरलेले ३२ टाके आपल्या दोन सुयांवर निवांत थांबून राहतात, वेगळी पिन शोधावी लागत नाही. ३२ ओळींची पट्टी झाली, टाच वळवली (म्हणजे टाके कमी करत तिला गोलाई दिली), की तिथे १८ टाके उरतात. पट्टीच्या दोन्ही कडांवरून सोळा-सोळा उचलले, की थांबलेले ३२ धरून एकूण ८२ होतात. त्यांतले २५-२५ टाके खालच्या दोन सुयांवर येतात आणि त्यांना साधारण ८ सेंमी जागा लागते. हातमोज्यांसाठी असलेल्या १० सेंमीच्या आखूड सुया स्वस्त आणि सुटसुटीत दिसल्या, तरी इथे दोन्ही टोकांना जेमतेम एक-एक सेंमी उरतो आणि टाके ओघळतात. याउलट २० सेंमीच्या सुयांची रिकामी टोके तळहाताला टोचत राहतात. १५ सेंमीची लांबी मी सुचवली ती यामुळे.

केबलच्या गोल सुईचे दोन प्रकार आपल्यासमोर येतील. एक ८० सेंमीची लांब सुई, जिच्यावर टाके दोन भागांत ठेवून मधून केबलचा फास बाहेर काढायचा आणि अर्धी-अर्धी फेरी विणायची. ही पद्धत उत्तम आहे. एका सुईवरून दुसरीवर जाण्याच्या जागा चारांऐवजी दोनच राहतात, प्रवासात सुई निसटून पडत नाही, आणि १०० सेंमीची केबल असेल तर दोन्ही मोजे एकाच वेळी विणता येतात, म्हणजे एक विणून झाल्यावर दुसऱ्याचा कंटाळा येण्याचा प्रश्न मिटतो. परंतु नवशिक्याला दर अर्ध्या फेरीला केबल ओढण्याची लय सापडेपर्यंत वेळ लागतो. शिवाय सुई आणि केबल यांचा सांधा अगदी गुळगुळीत हवा, नाहीतर बारीक लोकर प्रत्येक वेळी तिथे अडते. सांध्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडले, तर लोकरही अडणारच. टोके बदलता येणाऱ्या बहुतेक संचांत सर्वांत बारीक टोक ३ मिमीच्या आसपास असते, त्यामुळे पायमोज्यासाठी सहसा न बदलणारी, सलग सुईच घ्यावी लागते. नवी केबल गुंडाळी सोडत नसेल, तर तेवढी केबल मिनिटभर गरम पाण्यात धरून सरळ करावी.

दुसरा प्रकार म्हणजे अवघी २३ सेंमीची छोटी गोल सुई, जिच्यावर सगळे टाके एका दमात फिरतात. पायाचा सरळ भाग तिच्यावर फार वेगाने होतो आणि एका सुईवरून दुसरीवर जावेच लागत नसल्यामुळे फटही पडत नाही. पण तिची टोके बोटाएवढीही नसतात, तासाभरात माझा अंगठा आखडतो, आणि बोटांपाशी टाके कमी होऊ लागले की ते तिच्यावर पुरत नाहीत, म्हणजे शेवटी सुट्या सुया हव्यातच. ती पहिली खरेदी नव्हे.

धातू की बांबू, या प्रश्नात वादापेक्षा सवयच जास्त आहे. बांबू आणि लाकूड टाके धरून ठेवतात. चार सुया पहिल्यांदाच हाताळणाऱ्याची एखादी सुई टाक्यांतून निसटून खाली गेली की जो धसका बसतो, तो त्यांनी टळतो. धातूवर टाके भराभर सरकतात, म्हणून घट्ट हाताच्या व्यक्तीला धातूच बरा. कार्बन फायबरच्या सुया हलक्या आणि चिवट असतात. किंमत परवडत असेल तर घ्याव्यात. लाकडाची एकच मोठी उणीव आहे: २ मिमीच्या आसपास ते मोडते.

माझी एक सुई अशीच मोडली, खुर्चीत न बघता बसल्यामुळे, आणि नेमका एक मोजा पूर्ण होऊन दुसऱ्याची बॉर्डर चालू होती. मी त्याच २.५ मिमीच्या धातूच्या सुया आणल्या आणि पुढे विणत राहिले. दोन्ही मोजे धुऊन शेजारी ठेवले तेव्हा दुसरा उघडउघड रुंद दिसत होता. टाके मोजले, तर बांबूवर १० सेंमीत ३२ होते आणि धातूवर ३०. घेरात सव्वा सेंमीहून थोडा जास्त फरक पडला होता. तेव्हापासून जोडातले दोन्ही मोजे मी एकाच संचावर विणते, आणि जाडीइतकेच सुईच्या पृष्ठभागालाही महत्त्व देते. टोके मात्र फार अणकुचीदार नकोत. पीळ सैल असलेली लोकर त्यांनी चिरली जाते आणि तर्जनीचे टोक सोलवटते ते वेगळेच.

राहिला आपला जुना संच. '१२' हा ब्रिटिश आकडा असेल, तर त्या २.७५ मिमीच्या आहेत, पण वर्षानुवर्षे हाताळलेल्या सुयांवर विसंबण्यापेक्षा छिद्रांच्या मापपट्टीत घालून पाहावे. कुठे ओरखडा किंवा खाच असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी, आणि एखादी सुई किंचित वाकलेली असेल तर तिला तशीच राहू द्यावी, विणायला ती अडत नाही. आपला हात घट्ट असेल, तर याच सुयांवर ६० टाक्यांनी सुरुवात करून पाच सेंमी विणून पाहायला हरकत नाही. १० सेंमीत ३० टाके भरले, तर त्याच २० सेंमीच्या घेराचा मोजा मिळेल. विण सैल आली, तर त्या स्वेटरच्या गळ्याची पट्टी गोल विणण्यासाठी ठेवाव्यात आणि मोज्यासाठी २.५ मिमीचा संच आणावा.