राहिलेले दोन तोळे

'लग्नाला सहा महिने झाले, अजून संबंध जमत नाहीत. माझ्यात दोष आहे का?' असं विचारायला माझ्याकडे मुलगे बहुतेक एकटेच येतात. हा बायकोला घेऊन आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मराठवाड्यातल्या एका खेड्यातला, संस्थेच्या शाळेत शिक्षक. आधी एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'च्या तेला-चूर्णात पगार घालवून झाला होता.

पहाटे ताठरता येते का, विचारलं. येते म्हणाला. साखर आणि हार्मोन्सच्या तपासण्याही ठीक आल्या. म्हणजे बिघाड शरीरात नव्हता.

बायकोशी वेगळं बोलले. तो जवळ आला की ती अंग आखडून घ्यायची, दुखायचं. घरात तिच्यावर 'थंड' असा शिक्का बसलाच होता. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "सासूबाई रोज जेवताना हुंड्यातल्या राहिलेल्या दोन तोळे सोन्याचा विषय काढतात. मग खोलीत गेलं की बाबांनी विकलेलं रान डोळ्यांपुढे येतं. ह्यांच्या नोकरीच्या डोनेशनमध्येच गेलं ना ते."

आणि तो? "मॅडम, तिच्याकडं बघितलं की सासरे आठवतात."

भीती आणि अपराधीपणा दाटला की शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात, ताठरता टिकत नाही. दुसऱ्या रात्री 'आज जमेल ना?' एवढंच डोक्यात. बाईच्या योनीमार्गाभोवतीचे स्नायूही असेच आपोआप आवळले जातात. तो हट्ट नसतो, थंडपणा तर नाहीच.

संभोगाला काही आठवडे बंदी घातली. फक्त स्पर्श, तोही ती म्हणेल तेवढाच. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तिची तपासणी करून घेतली, स्नायू सैल सोडायचे व्यायाम सुरू केले. त्याला मी कायदाही सांगितला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. शिवाय लग्नाआधी मुलीखेरीज दुसऱ्या कुणी घेतलेला हुंडा लग्नानंतर तीन महिन्यांत मुलीला द्यावा लागतो. चांगला बीएड झालेला मुलगा, पण हे त्याच्या गावीही नव्हतं! हुंडा घेणाऱ्यांना सोन्याचा भाव मात्र तोंडपाठ असतो.

खरा फरक पडला तो त्यानं भरल्या ताटावर आईला "दोन तोळ्यांचं नाव पुन्हा काढायचं नाही" असं सांगितल्यावर. आता दर महिन्याला पगारातून काही रक्कम बायकोच्या खात्यात टाकतो. ती आता जेवण झाल्यावर निवांत बोलत बसते म्हणे, दुखणंही बरंच कमी झालंय. सासूबाईंनाही एकदा घेऊन या म्हटलंय. अजून आलेल्या नाहीत.